तळं भरलं कोणी?

१

शहरात एक तळं जास्त झालं होतं.

म्हणजे पाणी कोणी बघितलं नव्हतं. कोणाचे पायही भिजले नव्हते. तळं आलं होतं ते नकाशात, आणि एकदा एखादी गोष्ट नकाशात आली की शहरातल्या झाडून सगळ्या खात्यांचा तिच्यावर डोळे मिटून विश्वास बसायचा. डोळे उघडले असते तर दिसलं असतं की तळ्याच्या जागी एक गल्ली आहे, गल्लीत घरं आहेत, घरांत माणसं आहेत आणि ती माणसं चक्क कोरडी आहेत. पण डोळे उघडणं कोणत्याच खात्याच्या कामात बसत नव्हतं.

कचरागाडी कोपऱ्यापर्यंत आली. ड्रायव्हरने मोबाईलवर नकाशा बघितला, समोरचा डांबरी रस्ता बघितला, पुन्हा मोबाईल बघितला आणि गाडी वळवली. मग मत्स्य खात्याचे दोघं आले. त्यांनी ओट्यावर बसलेल्या एका आजोबांना विचारलं, "इथे मासे किती असतील?"

आजोबांनी नीट आठवून सांगितलं, "माझ्या माहितीत एकच. दुसऱ्या मजल्यावरच्या पोरीकडे, बरणीत."

त्यांनी एक मासा लिहून घेतला.

इथवर सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण सकाळी शंकाबाईला मावशीचा फोन आला.

शंकाबाई हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. शहराच्या कचेरीत ती दक्षता अधिकारी होती. समोर चहाचा कप आला तरी आधी "हा कोणाचा?" विचारायची, म्हणून हे नाव पडलं आणि घट्ट चिकटलं. आतापर्यंत तिच्या वाट्याला आलेले गुन्हे म्हणजे नाहीसे झालेले पंखे आणि एकदा एक जिना. (जिना शेवटी सापडला, पण दुसऱ्या इमारतीत.)

"अगं, आमची वीज तोडणार आहेत," मावशी म्हणाली. "आज संध्याकाळी पाचला. मेसेज आलाय. वाचते हं. 'आपली वीजजोडणी पाण्याखाली असल्याचे आढळले आहे. आपल्या सुरक्षिततेसाठी ती तोडण्यात येईल.' मी लगेच खाली बघितलं बाई. फरशी आत्ताच पुसली होती, तेवढंच काय ते पाणी."

"वीज कचेरीत फोन केलास?"

"केला. तो म्हणतो, नकाशात तुम्ही पाण्यात आहात. मी म्हटलं, मी पाण्यात असते तर फोनवर बुडबुडे नसते का आले? तर म्हणतो, मॅडम, सहकार्य करा."

शंकाबाईला हसू आलं नाही. मावशीच्या घरी काका होते, आणि काकांच्या पलंगाशी श्वासाचं मशीन होतं. ते विजेवर चालायचं. वीज गेली तर जवळचा ऑक्सिजनचा सिलिंडर जेमतेम रात्र पडेपर्यंत पुरला असता.

"काकांना हॉस्पिटलमध्ये हलवू या. मी ॲम्ब्युलन्स पाठवते."

तिने ॲम्ब्युलन्सला फोन लावला. पलीकडच्या माणसाने पत्ता टाईप केला आणि अदबीने म्हणाला, "ताई, या पत्त्याला बोट लागेल. आमच्याकडे बोट नाही."

ती त्याला मनसोक्त झापणार होती. तेवढ्यात नकाशा कक्षाच्या साहेबांचा शिपाई दारात येऊन उभा राहिला.

"साहेबांनी बोलावलंय. म्हणतात, आपल्या जाळ्यात कोणीतरी तळं सोडलंय."

२

नकाशा कक्षात पडदे ओढलेले होते, खुर्च्या मांडलेल्या होत्या आणि साहेब घामाघूम झाले होते. संध्याकाळी पाचला बाहेरून पाहुणे येणार होते, हे जाळं बघायला.

"तुम्हाला जाळं म्हणजे काय ते माहीत आहे ना?" साहेबांनी विचारलं.

"आज सकाळपासून त्यातच अडकलेय," ती म्हणाली.

साहेबांना टोमणे कळत नसत. त्यांनी समजावून सांगितलं. पूर्वी प्रत्येक खात्याचा नकाशा वेगळा असायचा. रस्तेवाल्यांचा पूल आणि नालेवाल्यांचा नाला यांची कधी भेटच व्हायची नाही. आता शहरातल्या प्रत्येक जागेला एक कायमची ओळख दिलेली होती, आणि जे काही माहीत आहे ते तीन तुकड्यांच्या वाक्यात जाळ्यात टाकायचं होतं. इकडे एक जागा, तिकडे दुसरी जागा, मध्ये नातं. 'शाळा – च्या शेजारी – दवाखाना.' 'दवाखाना – च्या आत – वॉर्ड.' कोणत्याही खात्याने टाकलेलं वाक्य सगळ्या खात्यांना दिसायचं, माणसांनाच नाही तर त्यांच्या यंत्रांनाही. आग लागली की बंबवाल्यांना आपोआप कळावं, जवळचं पाणी कुठे आहे.

"आणि प्रत्येक वाक्याखाली कर्त्याचं नाव येतं," साहेब म्हणाले. "म्हणजे ते कोणी टाकलं ते. आता हे बघा."

पडद्यावर एक वाक्य होतं.

'स्नेहवर्धन मार्ग – म्हणजेच – जुनं तळं.'

स्नेहवर्धन मार्ग हे मावशीच्या गल्लीचं अधिकृत नाव. ते फक्त पाटीवर राहत होतं, बाकी कोणाच्या तोंडात नव्हतं. आणि वाक्याखाली, कर्त्याच्या जागी, काहीच नव्हतं.

"नाव पुसलंय," साहेब आवाज खाली आणत म्हणाले. "घरातलाच माणूस आहे. माझ्या पाहुण्यांसमोर माझं नाक कापायचंय कोणाला तरी."

"आधी ते वाक्य काढा ना!"

"वाक्य काढायला समिती लागते. कोणाचंही ज्ञान असं उठून काढता येत नाही."

"मी दक्षतेची किल्ली वापरून बघू?"

साहेबांनी खांदे उडवले. तिने आपला पासवर्ड टाकला, चुकला, पुन्हा टाकला, पुन्हा चुकला. 'आपला जुना पासवर्ड नव्यासारखा आहे' असं कायसं यंत्र म्हणालं, तेव्हा तिने टेबलावर मूठ आपटली. चौथ्या वेळी आत शिरली आणि वाक्य पुसलं. ते मुकाट्याने गेलं. समिती नाही, परवानगी नाही, काही नाही.

"अरेच्चा," साहेब म्हणाले. "गेलं की!"

काहीतरी खटकलं तिला. पण आनंद मोठा होता. तिने लगेच मावशीला फोन लावला. "झालं गं, मावशी. तळं आटलं."

मावशी "देव तुझं भलं करो" म्हणेपर्यंत पडदा एकदा लुकलुकला आणि वाक्य परत आलं. तेच, तिथेच. कर्त्याच्या जागी पुन्हा कोणीच नाही.

३

जाळ्यात वाक्यं टाकायचा हक्क त्या कक्षात चौघांना होता. शंकाबाईने एकेकाला गाठलं.

पहिल्या पत्तेबाई. शहरातल्या पत्त्यांचा कारभार त्यांच्याकडे. टेबलावर तीन चष्मे, आणि लागेल तो नेमका डोक्यावर.

"माझं काम सरळ आहे," त्या म्हणाल्या. "पाटीवर एक नाव असतं, लोकांच्या तोंडी दुसरंच. दोघांची गाठ मारायची. फोनवर कोणी घाबरून लोकांचं नाव सांगितलं तरी बंबवाल्याला पाटी सापडली पाहिजे."

"मावशीच्या गल्लीला लोक काय म्हणतात?"

"काय म्हणतात म्हणजे? तुमची मावशी कुठे राहते?"

"तळ्यात," शंकाबाई पटकन म्हणाली आणि तिने जीभ चावली. लहानपणापासून सगळेच असं म्हणायचे. तळ्यात राहतो, तळ्यातून आलो, तळ्यातली मुलं वांड.

"झालं तर मग. 'तळं – म्हणजेच – स्नेहवर्धन मार्ग.' खाली माझं नाव आहे. स्नेहवर्धन हे नावही मीच सुचवलेलं." पत्तेबाईंचा आवाज कडवट झाला. "एवढं गोड नाव दिलं, पण त्या गल्लीने एकदा तोंडात धरलं असेल तर शपथ!"

म्हणजे राग होता.

दुसरे अण्णा. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले, आता जुने नकाशे जाळ्यात आणायला बोलावलेले. ते उभ्या उभ्याच बोलत, समोर वर्ग असल्यासारखे.

"जुन्या नकाशात तिथे तळं आहे. गोल, सुरेख. लोक ज्याला तळं म्हणतात ते हेच. 'जुनं तळं – म्हणजेच – तळं.' मीच लिहिलंय. दुसरं तळं या शहरात होतंच कुठे? सांग!"

"तुम्हाला ते परत यावं असं वाटतं?"

"कोणाला नाही वाटणार? काठावर बसून मी पाढे पाठ केलेत, बाळ."

म्हणजे इथे जीव अडकला होता.

तिसरा पाण्याच्या खात्यातला इंजिनिअर. त्याला सगळे पाणीवाला म्हणत. शहरभर लोक नळाकडे बघून उसासे टाकत होते आणि हा मात्र खुशीत होता.

"जुनं तळं ना? भरलंय! मीच टाकलंय जाळ्यात, 'जुनं तळं – स्थिती – भरलेलं'. बाकीची सगळी तळी तळाला गेलीत. हे एकटं काठोकाठ. थेंब हलत नाही. वरून कौतुकाचा फोन आला मला!"

म्हणजे याचा फायदा होता.

चौथा सल्लागार. हा बाहेरून आणलेला, कानात सतत एक यंत्र, आणि समोरच्याशी बोलतोय की कानातल्याशी ते कळायचं नाही.

"जाळ्याशेजारी तर्कयंत्र आहे," तो म्हणाला. "ते वाक्यं वाचतं आणि नवं वाक्य स्वतः काढतं. समजा, आई घरात आहे, घर गावात आहे. मग आई कुठे?"

"बाजारात," ती म्हणाली. तिचा संयम संपत आला होता.

"गावात! हे कोणी सांगितलं नाही, त्याने काढलं. आज पाहुण्यांना हेच दाखवायचंय. तोवर त्याने काही गडबड करू नये म्हणून साहेब म्हणाले, ते बंद करून ठेवा."

"मग?"

"ठेवलं की. कालच बंद केलं." त्याने पँटचा खिसा थोपटला. "किल्ली माझ्याकडेच आहे. हो, हो, बोलतोय… तुम्हाला नाही, मॅडम."

म्हणजे यंत्र संशयातून सुटलं. उरली चार माणसं. एकाला राग, एकाला ओढ, एकाला फायदा, आणि चौथ्याचं काय ते कानातल्यालाच ठाऊक. प्रत्येकाने आपापलं वाक्य छातीठोक कबूल केलं होतं, आणि ते निनावी वाक्य कोणीच कबूल करत नव्हतं.

तिने ते आणखी दोनदा पुसलं. दोन्ही वेळा परत आलं.

दुपार कलली होती. काकांचा फोन आला. ते फारसं बोलू शकत नसत. एकेक शब्द उचलून ठेवावा तसे ते म्हणाले, "घाई… करू… नकोस. जमेल… ते… कर."

घाई करू नकोस, म्हणे! ती उठली, चौघांना आणि साहेबांना बैठकीच्या खोलीत ढकललं आणि आतून कडी लावली.

४

"हात टेबलावर," शंकाबाई म्हणाली. "सगळ्यांचे. मोबाईल या टोपलीत टाका. अहो, कानातलंही."

"कानातलं?" सल्लागाराचा चेहरा असा झाला की जणू कान मागितला.

"ही अरेरावी आहे," पत्तेबाई म्हणाल्या.

"आहे," ती म्हणाली.

टेबलावर दहा हात पसरले. खोलीत एकच कॉम्प्युटर होता आणि तो तिच्यासमोर होता. तिने सगळ्यांना दिसेल असा पडदा फिरवला, ते वाक्य पुसलं आणि हाताची घडी घालून बसली.

"आता बघू कोणाचा हात हलतो."

कोणाचा हलला नाही. अण्णा शिंकले, पण हात तिथेच ठेवून, त्यामुळे पाणीवाल्याला तोंड फिरवावं लागलं. साहेब श्वास रोखून होते. पंखा कुरकुरत होता. बाहेर कोणीतरी पाहुण्यांसाठी खुर्च्या ओढत होतं.

पडदा लुकलुकला.

'स्नेहवर्धन मार्ग – म्हणजेच – जुनं तळं.'

कर्ता कोणीच नाही. आणि दहाच्या दहा हात टेबलावर.

"भूत," पाणीवाला पुटपुटला.

"सरकारी कचेरीत भूत कशाला येईल?" पत्तेबाई म्हणाल्या. "त्यालाही कामं असतात."

शंकाबाई मात्र रडायच्या बेतात होती. इतकी बंदोबस्ताची चौकशी तिने पंख्यांसाठी कधी केली नव्हती, जिन्यासाठीही नाही. तेवढ्यात टोपलीत फोन वाजला. तिचाच होता, तोही तिने स्वतःच टाकला होता.

५

"मी सांगते ते ऐक," मावशी धापा टाकत होती. "शेजारचे सगळे धावून आलेत. ऐनवेळी कोणाची गाडी मिळाली तर अडायला नको म्हणून दारासमोरचा तो मोठा खड्डा भरलाय."

"भरलाय? पाणी कुठून आलं?"

"कसलं पाणी?"

"तूच म्हणालीस ना, खड्डा भरलाय."

"अगं मातीने भरलाय! भरला म्हणजे बुजवला! पाणी काय डोक्यात शिरलंय तुझ्या?"

शंकाबाईने फोन हळूच खाली ठेवला. मग ती पाणीवाल्याकडे वळली. आवाज इतका शांत की साहेब घाबरले.

"तुमचं ते तळं कशाने भरलंय?"

"कशाने म्हणजे? तळं कशाने भरतं?"

"तुम्ही बघितलंत?"

"बघायचं काय त्यात? अण्णांनी जुन्या नकाशाची माहिती दिली, त्यात स्पष्ट होतं, तळं भरलं."

"अण्णा?"

"हो तर," अण्णा म्हणाले. "भरलंच. राडारोडा टाकला, माती टाकली, वर दगडी सोलिंग केलं. महिनाभर गाड्या येत होत्या. मग त्यावर गल्ली झाली. मी रडलो होतो त्या दिवशी."

पाणीवाल्याच्या चेहऱ्यावरून कौतुकाचा फोन सावकाश उतरत गेला.

"म्हणजे… थेंब हलत नाही तो…"

"थेंब नाहीच आहे," ती म्हणाली. "माती कशी हलणार? आता ऐका. पत्तेबाई म्हणाल्या, तळं म्हणजेच गल्ली. खरं आहे, लोक म्हणतात. अण्णा म्हणाले, जुनं तळं म्हणजेच तळं. तेही खरं, नाव त्यावरूनच पडलं. पण गल्लीचं नाव तळं आणि पाण्याचं तळं या दोन गोष्टी तुम्ही एकाच 'म्हणजेच'ने बांधल्यात. मग गल्ली म्हणजेच जुनं तळं. तुम्ही म्हणालात, ते भरलंय. म्हणून गल्लीत काठोकाठ पाणी. घरं गल्लीत, म्हणजे पाण्यात. मीटर घरात, म्हणजे पाण्यात. तोडा वीज!"

"पण हे जोडलं कोणी?" साहेबांनी विचारलं.

"पहिल्यांदा पुसलं तेव्हाच मला कळायला हवं होतं. माणसाचं वाक्य काढायला समिती लागते. हे नुसत्या बोटाने गेलं, कारण ते कोणाचंच नव्हतं. नाव पुसलं नव्हतं, साहेब. नाव नव्हतंच." ती सल्लागाराकडे वळली. "काय हो, बंद केलेल्या यंत्राला किल्ली कशाला लागते?"

"दाराला लागते," सल्लागार म्हणाला. "साहेब म्हणाले बंद करून ठेवा, म्हणून मी ते खोलीत बंद करून ठेवलं. कुलूप लावून."

"चालू?"

"चालूच. ते बंद कशाला करायचं?"

साहेबांनी कपाळावर हात मारून घेतला. बोळाच्या टोकाची ती खोली उघडली तर आत गारव्यात तर्कयंत्र सुखाने घूं घूं करत बसलं होतं. वाक्य पुसलं की ते पुन्हा तीच वाक्यं वाचायचं आणि पुन्हा तेच नवं वाक्य काढायचं. त्याचं काम ते इमानाने करत होतं, आणि त्या अख्ख्या मजल्यावर एवढं एकच काम चाललं होतं.

"म्हणजे गुन्हेगार कोणीच नाही?" पाणीवाल्याने आशेने विचारलं.

"ते नंतर ठरवू. आधी हे यंत्र बंद करा. बंद म्हणजे बटण दाबून बंद."

"अजिबात नाही!" साहेब दारात आडवे झाले. "पाहुणे पाचला येतात. यंत्राने किती नवं ज्ञान काढलं त्याचा आकडा मोठ्या पडद्यावर पळता दाखवायचाय."

"मग तिघांपैकी कोणीतरी आपलं वाक्य मागे घ्या."

"माझं खरं आहे," पत्तेबाई म्हणाल्या.

"माझं तर पुराव्यानिशी आहे," अण्णा म्हणाले.

पाणीवाल्याने मान खाली घातली. "मी घेतो मागे."

"घेता येणार नाही," सल्लागार म्हणाला. "काढायला समिती. समिती पुढच्या महिन्यात."

"निदान तो 'म्हणजेच' बदलून 'च्या जागी' करा! गल्ली तळ्याच्या जागी आहे!"

"'च्या जागी' हे नातं अजून मंजूर नाही. ते शब्दसमितीकडे आहे."

"माझे काका श्वास घेतात त्याला तरी मंजुरी आहे का?" शंकाबाई ओरडली. सगळे जमिनीकडे बघू लागले. साहेब घड्याळाकडे.

आणि मग तिने अगदी मवाळ आवाजात विचारलं, "काढायला समिती लागते. आणि घालायला?"

"घालायला काही नाही," साहेब म्हणाले. "ज्ञान वाढायला हवं ना."

६

"अण्णा," शंकाबाई म्हणाली, "आपली ही कचेरी बांधली त्याआधी इथे काय होतं?"

टोपलीसकट सगळे नकाशा कक्षात परतले होते. साहेब पाहुण्यांना आणायला खाली गेले होते आणि सल्लागार आपलं कानातलं टोपलीत शोधत होता.

"इथे? डबकं. बेडकांचं. ते भरलं आणि ही इमारत उठवली."

"तुमच्या जुन्या नकाशात आहे?"

"आहे ना. पण अजून जाळ्यात टाकलं नाही."

"टाका मग."

अण्णांचा हात थबकला. मास्तर कितीही निवृत्त झाला तरी चुकीच्या उत्तराला बरोबरची खूण करत नाही. "बाळ, यात 'म्हणजेच' म्हणणं चूक आहे. 'च्या जागी' हवं."

"तो शब्द समितीत बसलाय, अण्णा. हाताशी आहे तो घ्या."

त्यांनी तिच्याकडे चष्म्यावरून बघितलं. मग बाह्या सारल्या. 'जुनं डबकं – म्हणजेच – डबकं.'

"पत्तेबाई, लोक आपल्या कचेरीला काय म्हणतात?"

"माझ्या तोंडून कशाला वदवताय?" असं म्हणत पत्तेबाईंनी डोक्यावरचा चष्मा खाली ओढला. "अहो, अख्खं शहर डबकंच म्हणतं. आत गेलेला कागद बाहेर येत नाही म्हणून." आणि कितीतरी वर्षं मनात असल्यासारखं त्यांनी टाईप केलं, 'डबकं – म्हणजेच – नकाशा कक्षाची इमारत.'

पाणीवाल्याला सांगावं लागलं नाही. 'जुनं डबकं – स्थिती – भरलेलं.' मग तो हळूच म्हणाला, "यावरही कौतुकाचा फोन आला तर?"

"उचलू नका," ती म्हणाली.

पडदा लुकलुकला.

वीज कचेरीचं ठाणं रस्त्याच्या पलीकडेच होतं. आदेश जवळच्या जागेपासून लागायचे, त्यामुळे तळ्याच्या आधी डबक्याचा नंबर आला. साहेब सहा पाहुण्यांना घेऊन खोलीत शिरले, पडद्यावरचा आकडा पळू लागला, साहेबांनी घसा खाकरला. "आमचं जाळं नुसतं साठवत नाही," ते म्हणाले, "तर ते विचार करतं आणि त्यावर ताबडतोब…"

दार उघडलं. गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेला वायरमन आत आला. त्याने खालची कोरडी फरशी बघितली, पायाने जरा दाबूनही बघितली.

"पाणी इथेच का?" त्याने विचारलं.

"कसलं पाणी? बाहेर व्हा!"

"साहेब, आदेश आहे. तोडायच्या आधी नकाशात जागा पक्की करायची, असा नियम आहे." त्याने मोबाईलवर जाळं उघडलं, इमारत शोधली आणि समाधानाने मान हलवली. "बरोबर. काठोकाठ. तुमच्या सुरक्षिततेसाठी हं." तो बोळात गेला. खटका पडल्याचा आवाज आला.

पडदे ओढलेल्या खोलीत काळोख झाला. पळणारा आकडा गेला, पंखे थांबले, आणि बोळाच्या टोकाची ती घूं घूं बारीक होत होत बंद पडली. बटण दाबून व्हावी तशी.

"इन्व्हर्टरची बॅटरी लावा!" साहेब ओरडले.

"बॅटरीही त्याच आदेशात आहे," वायरमनचा आवाज आला. "पाण्यात बॅटरी धोक्याची."

"जोड परत! मी सांगतोय, जोड!"

"नकाशात कोरडं दिसू द्या, लगेच जोडतो."

"अरे, जाळं इथूनच चालतं! नकाशा दिसायला वीज लागते!"

"मग वीज आली की बघू," वायरमन समजुतीने म्हणाला. त्याने पुढचा आदेश वाचला, "तळं, स्नेहवर्धन मार्ग," आणि नियमाप्रमाणे जागा पक्की करायला मोबाईल उघडला. मोबाईलवर एक छोटं चाक गरगरत राहिलं. त्याने मोबाईल उंच धरला, झटकला, खिडकीशी नेला. चाक गरगरतच होतं. शेवटी तो जिन्याच्या पायरीवर बसला आणि त्याने एकेक करून बूट काढले. "नकाशा उघडत नाही तोवर मला काही तोडता येणार नाही. आता हे इथेच थांबलं."

"कोणी केलं हे?" काळोखात साहेब कोणाचा तरी दंड धरून विचारत होते. तो एका पाहुण्याचा होता.

"कोणीच नाही, साहेब," शंकाबाई म्हणाली. "तिघं खरं बोलले."

"समिती बोलवा! आत्ता! समितीचा अध्यक्ष मी आहे! सदस्य कोण कोण आहेत?"

"आम्हीच," पत्तेबाई कुठूनतरी म्हणाल्या. "पण अहो, सह्या दिसायला हव्यात ना."

ती बोळात आली. नंबर दोनदा चुकला. पाच वाजून गेले होते. पलीकडे कितीतरी वेळ रिंग वाजत राहिली.

"हां, बोल," मावशी म्हणाली.

"दिवे आहेत?"

"आहेत की. तू रडतेयस का?"

"मशीन?"

पावलं वाजली, पलंग करकरला, आणि मग फोनमधून तो आवाज येऊ लागला. आधी एक लांब सुस्कारा, मग खट, मग पुन्हा सुस्कारा. एका लयीत, कंटाळवाणा. मागे खोलीत साहेब काळोखात सदस्य मोजत होते आणि एकच माणूस दोनदा मोजला जात होता. शंकाबाई भिंतीला टेकून खाली बसली आणि फोन कानाशी धरून ते मशीन ऐकत राहिली.